एकट्याला झेपेल

१

वापरलेली बोट बघायला जाताना मी तीन गोष्टी बरोबर नेते: एक जाड नाणं, टॉर्च आणि बारकी. नाणं ठोकून बघायला, टॉर्च आत डोकावायला, आणि बारकी "ताई, आता पुरे" म्हणायला.

बारकी माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण घरात एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. मी चार वर्षं परदेशात बोटींची बांधणी शिकत होते, तेव्हा ती इथे मिळेल त्याच्याबरोबर शिडाच्या बोटीवर सराव करत माझी वाट बघत होती. परत येताना मी मनाशी पक्कं केलं होतं की आपल्या किनाऱ्यावरच्या मुलींनी भिंतीवर बसून समुद्र बघायचा, हे आता बंद. सुरुवात घरापासून. पाच आठवड्यांनी शिडाच्या शर्यतींच्या संघाची निवड होती, आणि पुढच्या वर्षी बारकी वयात बसणार नव्हती. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही. सुकाणूवर मी, तारेवर ती. फक्त बोट नव्हती.

आम्हाला हवी होती ती शर्यतीची जात दोघांची असते. अंगानं इतकी हलकी आणि शीड इतकं मोठं, की जरा वारा आला की पुढच्या जोडीदारानं कमरेच्या पट्ट्यात तार अडकवून काठावर पाय रोवायचे आणि अख्खं अंग पाण्यावर आडवं टाकायचं. ते वजन नसेल तर बोट उलटते. दोन्ही टोकांना मूठ असलेली मोठी करवत असते ना, तसं हे काम. एकट्यानं करायचं नसतंच.

जाहिरात नेटकी होती. वर्ष, वजन, शिडं किती, दुरुस्त्या कोणत्या. शेवटी एक ओळ: एकट्याला झेपेल.

"टाइप करताना चुकले असतील," बारकी म्हणाली.

"किंवा थापा मारतायत."

"थापा मारणारा माणूस दुरुस्त्यांची यादी देतो का गं?"

२

विकणारे दातांचे डॉक्टर निघाले. खाडीकाठच्या दवाखान्यामागच्या गॅरेजमध्ये बोट, आणि गॅरेजलाही लवंगतेलाचा वास. पाने-पकडी भिंतीवर लहान-मोठ्या क्रमानं टांगलेल्या. डॉक्टर साठीचे, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. "हे गेले," गुडघ्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "म्हणून विकतोय. तुम्ही चालू करा. दुखलं तर सांगा." मग स्वतःच हसले. "सवय."

मी नाण्यानं ठोकायला सुरुवात केली. टोकापासून मागेपर्यंत, दोन-दोन बोटांवर. फायबरचे थर घट्ट असतील तर टणक, कोरडा आवाज येतो. आत कुठे सुटले असतील तर आवाज बसका होतो. एकही बसका आवाज आला नाही.

"रूट कॅनॉलच्या आधी आम्हीपण असंच ठोकतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला लांब दांड्याचा दात बघायचा आरसा आणून दिला. तो झाकणाच्या भोकातून आत घालून मी डोलकाठीच्या बुंध्याचे जोड तपासले. कोरडे, स्वच्छ. एवढ्या वर्षांच्या बोटीत निदान मीठ तरी सापडतं.

मग काठ. पाय घसरू नये म्हणून काठावर खरखरीत रंग देतात. तो यंदाच दिलाय, असं यादीत होतं. मागच्या बाजूला तो झिजला होता, तिथे डॉक्टर उभे राहत असणार. पण पुढे, जोडीदाराच्या जागी, तो त्याहून जास्त झिजला होता. दोन पावलं, खांद्याएवढ्या अंतरावर, पार पांढरी पडलेली. दोन्ही काठांवर.

"पुढे कोण असतं तुमच्याबरोबर?"

"कोणी नाही. सहा वर्षं एकटाच चालवतो."

"मग हे?"

एक्सरे बघावा तसं त्यांनी त्या जागेकडे जरा वेळ बघितलं. "झिजतं," ते म्हणाले.

बारकीनं चप्पल काढून पाऊल ठेवून बघितलं. तिचं मावेना. मी ठेवलं, तर माझं सैल झालं. मी वहीत लिहिलं: 'आच्छादनाची दोरी घासून?' प्रश्नचिन्ह जरा मोठंच काढलं.

३

तळ बघायला बोट आडवी करायची होती. एका बाजूला मी आणि बारकी, दुसऱ्या बाजूला डॉक्टर.

"तयार?" डॉक्टरांनी विचारलं.

"तयार," आम्ही दोघी म्हणालो.

ते थांबूनच राहिले. एक श्वास, दोन श्वास. मग म्हणाले, "हं, चला."

ही रीत आमच्याकडे सगळीकडे सारखी. वळण घेण्याआधी सुकाणूवरच्यानं विचारायचं, तारेवरच्यानं उत्तर द्यायचं, आणि उत्तर आल्याशिवाय सुकाणू हलवायचं नाही. कारण विचारल्यावर जोडीदाराला तार सोडून आत यायला वेळ लागतो. माझ्या परदेशातल्या शिक्षिकेनं हे इतकं घोटून घेतलंय, की घरात सोफा सरकवतानाही मी "तयार?" म्हणते आणि आई म्हणते, "अगं, सोफा आहे तो."

तळ ठीक. मग गळतीची परीक्षा: सगळी झाकणं बंद करून नळीनं तोंडानं हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. एकही बुडबुडा आला नाही. दोन तास शोधून मला त्या बोटीत नाव ठेवायला जागा सापडली नाही.

"ताई, आता पुरे," बारकी म्हणाली. तिचा हात मघापासून डोलकाठीवर होता. "घेऊया ना."

"पाण्यात बघितल्याशिवाय नाही."

"तुम्हीपण जाणार पाण्यात?" डॉक्टरांनी बारकीला विचारलं.

"म्हणजे काय! मीच तर जोडीदार."

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला. रुमालानं हात पुसले, हात कोरडे असूनही. "आधी ताईंना एकट्यांना जाऊ दे," ते म्हणाले.

तो माझाही नियम होता. अनोळखी बोटीवर पहिल्या फेरीत दुसऱ्याचा जीव न्यायचा नाही. आम्ही समविचारी निघालो म्हणून मला बरंच वाटलं.

४

सकाळचे दहा वाजले होते. वारा अगदी मंद. बारकी आमच्या बोट क्लबच्या मोटरबोटवाल्या काकांबरोबर मागून येत होती. मी शीड सैल सोडून किनारा सोडला.

खाडीच्या तोंडाशी वारा वाढला. पाण्यावर गडद पट्टा सरकत येताना दिसला. एकटी असताना काय करायचं ते ठरलेलं असतं: शीड मोकळं सोडायचं, काठावर बसायचं, आणि तरी बोट कलली तर नशीब म्हणायचं. मी दोरी सोडायला हात उचलला.

बोट कललीच नाही. सपाट राहिली, आणि धावत सुटली.

मी पुढे बघितलं. जोडीदाराची तार रिकामी असली की डोलकाठीजवळ लोंबते आणि तिची कडी काठीवर किणकिणत राहते. माझ्या बाजूची तार लोंबत नव्हती. डोलकाठीच्या वरून निघून बाहेर, पाण्याच्या दिशेनं ताठ गेली होती, वीणेच्या तारेसारखी. टोकाची कडी हवेत होती. कडीत काहीच नव्हतं.

वारा तारेला ढकलू शकतो, पण वाऱ्याच्या विरुद्ध नाही. डोलकाठी वाकली तर तार सैल होते, ताठ होत नाही. बोट इतक्या वाऱ्यात सपाट राहायला काठाबाहेर साधारण पन्नास-बावन्न किलो लागतात. हा हिशोब मी मुद्दाम केला नाही, शिकलेलं आपोआप बाहेर येतं. मग मी स्वतःला सांगितलं की वारा मला वाटला तेवढा नसेल.

समोर उथळ पाणी आलं. वळायला हवं होतं. तोंडातून सवयीनं निघून गेलं:

"तयार?"

कडी आत आली. एखादं माणूस गुडघे दुमडून आत येतं तेवढ्याच वेगानं. बोट पुढे, जोडीदार बसतो त्या जागी, किंचित दबली. तार सैल झाली आणि कडी डोलकाठीवर एकदा किणकिणली.

मग मी सुकाणू ढकललं. दुसरं काय करणार होते? पलीकडे गेल्यावर त्या बाजूची तार ताठ झाली.

५

"खोटारडी!" बारकी मोटरबोटीतून ओरडली. "म्हणे एकटीनं कधी चालवली नाही! रुळावरून गेल्यासारखी गेलीस की! काकांनी तोंडातली विडी पाडली."

"वारा नव्हता," मी म्हणाले.

"नव्हता? माझी टोपी उडाली, ती बघ तिकडे."

इथे मी थांबायला हवं होतं. पण पुरावा म्हणून माझ्याकडे काय होतं? एक तार, आणि तीही माझ्या डोळ्यांनी बघितलेली. दिसलं त्यावर नाही, मोजता येतं त्यावर विश्वास ठेवायचा, हे मी चार वर्षं शिकले. आणि हेही लपवत नाही की मला ती बोट हवी होती. तशी बोट मी त्याआधी कधी चालवली नव्हती.

बारकी मोटरबोटीतून उडी मारून आली, हातमोजे चढवले, पट्ट्याचा हूक तारेच्या कडीत अडकवला आणि आनंदानं अंग पाण्यावर टाकलं.

बोट तिच्या बाजूला कलली. वारा येत होता त्या बाजूला. बारकीची पाठ पाण्याला टेकली.

"ताई, शीड ताण!"

"ताणलंय!"

"मग मी एवढी जाड कधी झाले?" ती हसत होती.

"आत ये. अर्धी आत ये."

ती आत आली. गुडघे छातीशी घेऊन काठावर बसली, तार सैल सोडून. तरी बोट त्याच बाजूला कललेलीच. बारकीचं हसू हळूहळू थांबलं. तिनं मागे, बाहेरच्या बाजूला पाण्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"घरी जाऊया," मी म्हणाले. "तयार?"

"तयार!" बारकी लगेच म्हणाली. आणि मी लगेच वळले.

अर्ध्या वळणात कोणीतरी आत यायचं राहून गेल्यासारखी बोट एकाएकी त्या बाजूला ओढली गेली. शीड पाण्यावर आपटलं, आणि बोट पूर्ण उलटी झाली.

६

वर आले तेव्हा तळ आभाळाकडे होता आणि बारकी दिसत नव्हती.

बोट उलटली की आम्हाला भीती एकाच गोष्टीची असते: हूक तारेतून न सुटण्याची. मोटरबोट अजून लांब होती. मी दम घेऊन खाली गेले.

उलट्या बोटीखाली वीतभर हवा राहते आणि हिरवट उजेड असतो. दोऱ्या केसांसारख्या तरंगत होत्या. आवाज सगळे जवळचे आणि जाड. मी तार धरली आणि चाचपत निघाले, कडीपर्यंत. कडीपलीकडे हात लागला.

त्यानं माझं मनगट धरलं, मी त्याचं. मनगटाला मनगट, आम्ही धरतो तसं, म्हणजे ओलं असलं तरी निसटत नाही. जीव आहे, एवढंच मला कळलं. बारकी हातमोजे घालते आणि हा हात उघडा होता. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. खाली बुडी मारून काठाखालून बाहेर पडायचं, म्हणजे दोघींनी एकदम दम घ्यायला हवा. मी तोंड त्या वीतभर हवेत नेलं आणि विचारलं:

"तयार?"

हातानं एकदा दाबलं. शांतपणे. घाई नसलेल्या माणसासारखं.

तेवढ्यात वर तळावर धपाधपा आवाज झाला, आणि बाहेरून बारकीची हाक आली, रडवेली:

"ताई! ताई, कुठे आहेस? मी इकडे आहे!"

७

काकांनी बोट सरळ करून ओढत आणली. बारकी थरथरत होती आणि भांडतही होती. "मी शिडापलीकडे पडले होते. तू खाली कशाला गेलीस? किती वेळ होतीस माहितेय?"

डॉक्टर पट्ट्यांसकट गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते. त्यांनी बोटीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. माझ्या उजव्या मनगटाकडे.

"'तयार?' विचारलंत?" ते हळू आवाजात म्हणाले.

"बोट नको मला," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. अजिबात आग्रह केला नाही. मग गॅरेजमधून टॉवेल घेऊन आले. एक बारकीला दिला, एक मला, आणि तिसरा घडी न मोडता माझ्या शेजारी बाकावर ठेवला. त्यांचे स्वतःचे पाय निथळत होते, पण त्यांनी तो घेतला नाही.

रिक्षात बारकी बाहेर बघत म्हणाली, "एकदा उलटलो म्हणून बोट सोडायची? तू शिकून आलीस की घाबरून आलीस?"

मला राग आला नाही. मी उजवं मनगट डाव्या हातात धरून बसले होते.

८

क्लबची जुनी बोट मागून आणली. जड आणि ठिगळांची, पण दोघींची. पहिल्याच दिवशी बारकी तारेवर गेली आणि बोट तिच्या बाजूला कलली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिला मी आतच बसवलं, तरी कलली.

बारकी न्याहारी करेनाशी झाली. "वजनकाटा बिघडलाय," ती आईला सांगत होती. "दोन किलो कमी दाखवतोय."

"काटा बरोबर आहे," आई म्हणाली. "तू काडी झालीयेस. ताईला विचार, तिनं काय खूळ घेतलंय डोक्यात."

त्याच आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. मी ओळखलाच नाही आवाज, इतका मोकळा होता. दुखरा दात निघाल्यावर माणूस बोलतो तसा. "आज उलटलो!" ते हसत होते. "किनाऱ्यापासून पन्नास फुटांवर! सहा वर्षांत पहिल्यांदा. मजा आली हो." मग हसणं थांबलं. "तुम्ही चांगलं चालवता. मी तेवढंच बघत होतो. रागावू नका." त्यांनी फोन ठेवला.

मी वही काढली आणि तीन दिवसांचे आकडे मांडले. वारा, शीड, बारकीचं वजन, कल. जे उरत होतं ते पन्नास-बावन्न किलो होतं. आता मोजून आलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारकीला म्हणाले, "क्लबमधल्या त्या पोस्टमास्तरांच्या मुलीची जोडीदार पडलीय, मनगट मोडलंय तिचं. मी बोलून आलेय. तू तिच्याबरोबर जा."

तिनं हातातले हातमोजे खाली ठेवले. "आणि तू?"

"मी नाही उतरणार."

"चार वर्षं थांबले मी तुझ्यासाठी."

"माहितेय."

"कारण सांग ना, ताई. खोटं चालेल, पण सांग."

"तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे सुकाणूवर."

"हे खोटं आहे."

"तूच म्हणालीस चालेल."

दार आपटलं नाही तिनं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

९

निवडीच्या दिवशी मी क्लबच्या मोटरबोटीत बसले नाही. काका दोनदा म्हणाले, "या की ताई, जागा आहे." जागा होतीच. मी नको म्हणाले आणि तरंगत्या धक्क्यावरून चालत टोकाला गेले.

वारा चांगला होता. पोस्टमास्तरांची मुलगी सुरुवातीला चाचरत होती. बारकी तारेवर गेली आणि बोट कलली, पण पलीकडे, शिडाच्या बाजूला, कलायला हवी तशी. दोघींना ती सपाट ठेवायला मरमर करावी लागत होती. पोस्टमास्तरांची मुलगी शीड सोडत होती, बारकी टाचेवर उभी राहून मान मागे टाकत होती, लाटा तिच्या पाठीवर फुटत होत्या. प्रत्येक किलो तिचा स्वतःचा लागत होता. इतकं कष्टाचं, इतकं निर्मळ काही मी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. शेवटच्या वळणाला बारकीची आरोळी धक्क्यापर्यंत ऐकू आली. तीन बोटींना मागे टाकून त्या दुसऱ्या आल्या. दोघी संघात.

ती किनाऱ्यावर उतरली आणि लोकांमध्ये कोणाला तरी शोधायला लागली. मी हात वर केला. तिनं बघितलं, आणि लांबूनच, अजून रुसलेली, एक हात वर केला. मला तेवढं पुरे होतं.

तो धक्का पोकळ डब्यांचा आहे. पाऊल टाकलं की डबा दबतो, पाऊल उचललं की वर येतो. तिच्याकडे जायला मी वळले, दोन पावलं टाकली, आणि तिच्या इतक्या जवळ जावं की नाही असं वाटून थांबले.

मी अगदी स्थिर उभी होते. शेजारचा डबा दबला, आणि वर आला नाही.